सुनेची चकती

नखाएवढ्या चकतीवर माझी सून जीव ओवाळून टाकते. चकतीवर धातूच्या बारीक, नागमोडी रेघा. तिला इतक्या थंडीत ठेवायचं, की वीज तिच्यातून बिनतक्रार धावते. आमच्या घरात हे अजून कुणाला जमलेलं नाही. मग चकती ठरल्या सुरात गुणगुणत राहते, आणि उजेड पडला की सूर खाली येतो. दूरच्या ताऱ्यांचा उजेड असा पकडायचा म्हणे.

पहिल्यांदा उजेड दाखवायचा होता, त्या दिवशी तिनं मला प्रयोगशाळेत नेलं. पिंपाएवढं बंद भांडं, शेजारी पंपांची घरघर. तिच्या सरांनी दिवा लावला. पडद्यावर चकतीचा सूर दाखवणारी रेघ ढिम्म.

"चकती गेली वाटतं," सर म्हणाले.

सून पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली, "सर, आतल्या खिडकीवरचं काळं झाकण... भांडं बंद करताना काढलं का, ते मला आठवत नाही."

भांडं लगेच उघडता येत नाही. सावकाश उबेला आणायचं, नाहीतर चकती तडकायची. झाकण खिडकीवरच सापडलं, तर उजेड त्यानंच अडवला अशी आशा; नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

घरी ती ताटात नुसती बोटं फिरवत बसली. "झाकण नसलंच तर, आई?"

"तर दुसरी कर. तुझा नवरा चालायला शिकताना सारखा आपटायचा. टाकून दिला का मी?"

"द्यायला हवा होता, असं वाटतं कधीकधी."

"मी इथंच बसलोय," लेक पेपराआडून म्हणाला. त्या दिवसांत ती तेवढीच हसली. मी ताटात भाजी वाढली, तिनं खाल्ली.

भांडं उघडल्यावर तिचा फोन आला. "आई, झाकण होतं!" आणि हुंदका.

"मग रडतेस कशाला, वेडे?"

"चकती जिवंत आहे का, ते अजून कुठं कळलंय?"

भांडं पुन्हा थंड झालं, तेव्हा तिनं मला परत प्रयोगशाळेत नेलं. सरांनी दिव्याचं बटण तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते माझ्याकडे ढकललं.

"आई, तुम्ही दाबा."

"म्हणजे बिघडलं की खापर माझ्या डोक्यावर!"

"हो, म्हणूनच."

मी दाबलं. रेघ सरळ चालली होती, ती एकदम खाली घसरली. कुणीतरी टाळी वाजवली. सुनेनं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. पदर ओला झाला, मी होऊ दिला.

"आई," ती तोंड न उचलताच म्हणाली, "दिवा परत एकदा लावा ना."

मी लावला.