नोंद घेतली

सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून ती हातातल्या कागदांवरचे शब्द पेनने खोडत होती. ‘तथापि’ खोडलं. ‘वरील बाबींच्या अधीन राहून’ खोडलं. ‘असे म्हणता येऊ शकेल’पाशी पेन जरा थबकलं, मग तेही गेलं. आत आधीचा विषय चालू होता आणि दाराच्या काचेतून अध्यक्षांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

ती कंपनीची वकील. काळा कोट घालून कोर्टात उभी राहणारी नव्हे. कंपनीच्याच पगारावर, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात बसून करार वाचणारी. कंपनी लिफ्ट बनवायची आणि बसवायची. ऑफिसात तिला मागून सगळे ‘तळटीपबाई’ म्हणत आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. जेवायला येतेस का विचारलं तरी म्हणे ही दोन अटी घालून ‘हो’ म्हणते!

महिन्याभरापूर्वी सर्व्हिसप्रमुख तिच्या टेबलाशी आला होता. उभा जन्म लिफ्टच्या मशीनखोल्यांत ग्रीसने हात काळे केलेला माणूस.

“बाई, ब्रेकच्या नव्या स्प्रिंगा आल्यात ना, त्यातल्या दहा तपासल्या. दोनमध्ये तडा आहे.”

“मग?”

“मग काय! एकतीस इमारतींत बसवून झाल्यात. एखादी तुटली तर केबिन थांबायची नाही.”

संचालकांपर्यंत हे गेलं आणि त्यांनी तिला लेखी विचारलं, अशा वेळी लिफ्ट बंद ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे का? जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने चौदा पानं लिहिली. पहिल्या पानावर, ‘सकृद्दर्शनी असे बंधन दिसून येत नाही.’ धोका होता अकराव्या पानावर, नीट मोजूनमापून लिहिलेला, खाली तळटीप देऊन. संचालक घाईतली माणसं. त्यांनी पहिलं पान वाचलं, ‘वकिलांची हरकत नाही’ म्हणाले आणि लिफ्ट चालू राहिल्या. पत्रात एक अक्षर चुकीचं नव्हतं. उद्या कुणी जाब विचारलाच, तर अकराव्या पानावर बोट ठेवून ती मोकळी झाली असती. हे ध्यानात आलं त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

म्हणून तिने आजच्या बैठकीत सात मिनिटं मागून घेतली होती. कंपनीने मध्यंतरी बोलणं शिकवायला एक प्रशिक्षक आणला होता, त्याची वहीही तिने बाहेर काढली. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. एका स्लाइडवर एकच गोष्ट. मुद्दा आधी, कारणं नंतर. रविवारी तिने नवऱ्यासमोर सराव केला. तो दातांचा डॉक्टर. पाच मिनिटं ऐकून त्याने हात जोडले.

“अगं, मी पेशंटला सांगतो, दाढ काढावी लागेल. आधी दाढेचं चरित्र सांगत बसलो तर तो खुर्चीतून उठून पळेल.”

“पण दाढ काढायची की नाही हे मी नाही ना ठरवत. संचालक ठरवणार.”

“मग मी तर म्हणतो, तू सांगतच नाहीयेस. तू फक्त सुटतेयस.”

ती त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग पुन्हा सरावाला बसली.

दार उघडलं. तिला आत बोलावलं.

लांबलचक टेबल, नऊ संचालक, कोपऱ्यात बैठकीचं इतिवृत्त लिहिणारा चिटणीस, भिंतीला टेकून सर्व्हिसप्रमुख. तिने रुमाल मुठीत आवळला. पहिल्या स्लाइडवर तडा गेलेल्या स्प्रिंगचा फोटो होता, बाकी काही नाही.

“या स्प्रिंगा एकतीस इमारतींत आहेत,” ती म्हणाली. “पाचातली एक अशी असू शकते. नव्या यायला सहा आठवडे लागतील. तोवर या लिफ्ट चालवू नयेत, असं माझं मत आहे.”

सहाव्या मिनिटाला तिचं संपलंसुद्धा. विक्रीचे संचालक तेवढ्यात म्हणाले, “सहा आठवडे लोक जिने चढणार? नाव मातीत जाईल आपलं.” पण अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं आणि तिच्याकडे बघून ते चक्क हसले.

“वा! फार छान मांडलंत हो. तुमचं बोलणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं आम्ही.”

सगळे हसले. तिलाही हसू फुटलं, काय करणार.

“नोंद घेतली,” अध्यक्ष चिटणिसाला म्हणाले. “पुढचा विषय घ्या.”

चिटणिसाने ते लिहूनही टाकलं. या दोन शब्दांचा अर्थ त्या खोलीत तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. कुणी काही करणार नाही, पण बोलणारा सुरक्षित. तिने स्वतःच किती अधिकाऱ्यांना समजावलं होतं, ‘इतिवृत्तात आलं ना? मग तुम्ही सुटलात.’ तिला हायसं वाटलं. पाय खुर्चीकडे वळलेही. आणि आपल्याला हायसं वाटलं याची तिला अशी काही शरम वाटली की कानशिलं तापली.

ती बसली नाही.

“अजून काही राहिलं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नोंद नको, साहेब. निर्णय हवा.”

“पण बंधन नाही असं तुम्हीच लिहिलं होतंत ना?”

“लिहिलं होतं. विचारलंत तेवढंच सांगितलं आणि बाकीचं अकराव्या पानावर ढकललं. चूक माझी आहे.” तिने हातातले कागद टेबलावर ठेवले. “आता ही नोंद झाली की मी सुटते. उद्या काही झालं तर हा कागद मला वाचवेल. लिफ्टमधल्या माणसाचं काय?”

एका संचालकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. बाई, नोकरी घालवलीस, तिच्या मनात आलं. ‘तथापि’ अगदी ओठांवर आलं होतं. तिने दात घट्ट मिटले. अध्यक्ष सर्व्हिसप्रमुखाकडे वळले.

“तुमचं काय म्हणणं?”

“साहेब, मी स्वतः हल्ली त्यांतल्या एकाही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. तपासणीला जिन्याने जातो.”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते बराच वेळ डोळे चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

“कोण बोलतंय? लिफ्टची कंपनीच ना? दारावर कागद चिकटवलाय, त्यावर हाच नंबर आहे!”

“हो, आजी. माझाच नंबर आहे.”

“हो काय! आठव्या मजल्यावर राहते मी. दोन्ही गुडघे गेलेत. भाजीची पिशवी घेऊन चढले, चार वेळा जिन्यात बसले! काल चांगली चालत होती की लिफ्ट.”

“चालत होती.”

“मग बंद करायचं कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

‘संचालक मंडळाच्या निर्णयानुसार’ हे शब्द जिभेवर तयारच होते.

“माझ्या,” ती म्हणाली.

पलीकडे क्षणभर नुसत्याच धापा ऐकू आल्या. मग आजी जोमाने पुन्हा सुरू झाल्या. कंपनीचा उद्धार झाला, तिचा झाला, तिला असलं शिक्षण देणाऱ्या कॉलेजचाही झाला. आवाज खणखणीत होता. ती खुर्चीला टेकून ऐकत राहिली आणि आजींनी ठेवेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.