आधी त्याला घ्या

सबीकाच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक राक्षसाला आधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे: बाबा रे, तू खातोस काय? दात किती नि डोळे किती हे नंतर. मुहर्रक बेटावरच्या जुन्या वस्तीतल्या माडीवर बसून ती सोंगांच्या खेळांसाठी प्राणी घडवायची. चारजण टेबलाभोवती बसतात, एकेक सोंग घेतात, फासे टाकतात आणि खेळ चालवणारा सांगेल त्या दुनियेत हिंडतात, असे ते खेळ. त्या दुनियांतल्या जलपऱ्या, पिशाच्चं, दोन डोक्यांचे उंट परदेशी कंपन्यांना विकून सबीकाचं घर चालत होतं. आणि स्वतःचं घर चालवणाऱ्या बाईला, ज्याचा प्रपंच जमत नाही असा प्राणी खपवून घेणं जमत नसे.

तिची जलपरी पाहून गिऱ्हाइकं पहिल्यांदा नाक मुरडत. डोक्यावर केस नाहीत, कारण लांब केसांत शेवाळ आणि शिंपले अडकून मान मोडेल. अंगावर चार बोटं चरबी, कारण गरम रक्ताच्या जीवाला थंड पाणी परवडत नाही. शेपूट माशाची नव्हे, समुद्रगाईची.

"ही जलपरी की आपली मोझा मावशी?" तिचा चुलतभाऊ घानिम विचारायचा.

"मावशीही तरंगते," सबीका म्हणायची, "आणि तिचंही जेवणाशिवाय चालत नाही."

बू दर्या हा समुद्रातला राक्षस मात्र बाहेरच्या गिऱ्हाइकाचा नव्हता, घरचा होता. मोत्यांच्या गलबतांवर गेलेल्या म्हाताऱ्यांनी सगळ्या पोरांना तो सांगितलेला: पाण्यातून बुडत्या माणसासारखा टाहो फोडतो, दया येऊन वर घेतलंत की आधी शिधा फस्त करतो, मग खलाशी. सबीकाला हे लहानपणापासून खटकायचं. असा ओरडणारा दोन पिढ्यांत उपाशी मरेल. लोक शहाणे होतात, कानात बोळे घालतात. पोट भरायचं तर त्यानंही शहाणं व्हायला हवं. म्हणून तिनं त्याला माणसं ओळखायला शिकवलं. तिचा बू दर्या स्वतःसाठी काही मागत नाही. तो पाण्यातून शांतपणे एवढंच म्हणतो, "आधी त्याला घ्या."

गुरुवारी दुपारी तो पहिल्यांदा खेळात आला. घानिमनं व्यापाऱ्याचं सोंग घेतलं होतं, त्याच्या बहिणीनं, लुलवानं, वैदूचं; दोघांनी घाईघाईनं दोर टाकला आणि दोघं खाल्ले गेले. घानिम पोट धरून हसला. लुलवानं फासे टेबलावर आपटले. ती इस्पितळात परिचारिका होती. हरणं तिला नवं नव्हतं, पण असं हरणं तिला सोसेना.

"ओळखायची खूण कुठाय?"

"ठेवली नाही."

"एखादी तरी ठेव गं. कान, नखं, वास, काहीही."

"खूण असती तर तो आजवर जगलाच नसता."

"आणि खरंच कुणी भला माणूस बुडताना असं म्हणाला तर?"

"मी पोटाची सोय बघते, लुलवा. नीतीची नाही."

"तू भल्या माणसाची हाक चोरलीस," लुलवा म्हणाली आणि चहा न घेता उठली.

हे भांडण एका रात्रीत जिरलं, कारण शुक्रवारी घानिमच्या बोटीवर मासे धरायला जायचं ठरलेलं होतं आणि गोड शेवयांचं बलालीत लुलवाच्या डब्यात होतं. हिवाळ्याचे दिवस. खडकाळ उथळावर नांगर टाकेपर्यंत ऊन होतं. डबा उघडेपर्यंत धुकं आलं. किनारा गेला, मग बोटीचं नाक गेलं. घानिम म्हणाला, एवढं पांढरं त्यानं फक्त लुलवाच्या नवऱ्याच्या धोब्याकडे पाहिलं होतं.

तेव्हा डावीकडून, अगदी सावकाश, कुणीतरी म्हणालं, "आधी त्याला घ्या."

घानिमनं सबीकाकडे पाहिलं. "पुरे हं."

"मी नाही."

दोघांनी लुलवाकडे पाहिलं. तिच्या तोंडात शेवया होत्या.

पुन्हा आवाज आला, पुन्हा तेच शब्द. बोली मुहर्रकचीच, पण म्हाताऱ्यांची, आता कुणी न वापरणारी. मग धुक्यातून एक डोकं तरंगत पुढं आलं. चेहरा वर, डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळे. बोटीपासून दोन वावांवर.

घानिमचा हात इंजिनाच्या किल्लीवर गेला. लुलवा उठली आणि तशीच उभी राहिली. सबीकाला नंतर सगळ्यात जास्त आठवलं ते हेच. आयुष्यभर माणसं वाचवणारी बाई, पायाशी दोर, समोर बुडणारा माणूस, आणि हात जागचा हलत नव्हता. काल दुपारच्या तासाभराच्या खेळानं एवढी कमाई केली होती.

"लुलवा, टाक की!" सबीका किंचाळली.

"तू टाक," लुलवा म्हणाली. "तुझा आहे तो."

सबीकानं दोराचं कडं फेकलं. तो माणूस ते धरू शकला नाही, तेव्हा घानिमनं आकड्यानं त्याची बंडी ओढली आणि तिघांनी मिळून त्याला आत घेतलं. जड होता, पण माणसाएवढाच जड. दात माणसाचे. नखं मोडलेली. लुलवाचे हात आता आपसूक चालू लागले; ओले कपडे काढले, कांबळं गुंडाळलं, नाडी पाहिली. मग तिनं त्याच्या गालावर बोटं दाबली आणि थांबली.

"सबीका, याचा जबडा आखडलाय."

"मग?"

"मग याच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. तासाभरात तरी नाही."

धुक्यातून आवाज आला, "घेतलं का त्याला?"

 सबीका म्हणाली, "घेतलं."

"बरं झालं."

आणि मग काही नाही. ती वाट पाहत राहिली की आता तो मागेल, आता म्हणेल मलाही घ्या. पाणी बोटीच्या बुडाला चाटत होतं. मागणं आलंच नाही.

गरम चहा पोटात गेल्यावर त्या माणसाला वाचा आली. नाव दुऐज. पहाटे एकटाच बोट घेऊन निघाला, बोट उलटली.

"एकटाच?" घानिमनं विचारलं. "मग बाहेर तो तुमचा दोस्त कोण?"

"पहाटेपासून तोच मला वर धरून होता. काखेखालून."

"पण आहे कोण?"

"मी खाली बघितलं नाही," दुऐज म्हणाला.

सबीकानं मनातल्या मनात जमाखर्च मांडला, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. पहाटेपासून न्याहारीपर्यंत गार पाण्यात एक अख्खा माणूस उचलून धरायचा, आणि बदल्यात काही घ्यायचं नाही. तिनं घडवलेल्या कुठल्याही प्राण्याला हे परवडलं नसतं. एक माणूस परत देऊन चार मिळणार असतील, तर मात्र परवडलं असतं. आणि जो नुसताच भला असेल, त्याचं काय? तो हिशेबात बसतच नव्हता, म्हणून तो नाहीच, असं म्हणायला तिची जीभ वळेना.

ती कठड्याशी गेली. "चाचा, तुम्हाला घेऊ का वर?"

धुक्यातून उत्तर आलं, "बोट लहान असेल तर राहू दे, बेटी."

"या अल्लाह," घानिम पुटपुटला. किल्ली अजून त्याच्या मुठीत होती. "काल तू याला एवढं अदबीनं बोलायला शिकवलं नव्हतंस."

"नव्हतं."

"मग जाऊ या. तू म्हण जाऊ या, मी निघतो. तुझ्या तोंडून ऐकायचंय फक्त."

 लुलवानं दोराचं कडं उचललं आणि सबीकाच्या हातात दिलं. काल सबीकानं या हाकेवरचा भरवसा घालवला होता, तो परत मिळवायचा तर आज इथंच, एवढं त्या देण्यात होतं; सबीकाला ते कळलं.

"खात्री आहे?" घानिमनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि कडं धुक्यात फेकलं.

ते पाण्यावर पडल्याचा आवाज आला. मग दोर हळूच, कुणाला झटका लागू नये अशा बेतानं, ताठ झाला. तिघांनी पाय रोवले आणि ओढायला सुरुवात केली. बोट त्या अंगाला कलली. आणखी कलली. चहाचा थर्मास घरंगळत गेला.

"सबीका," घानिम दातांतून म्हणाला, "किती जण आहेत?"

तिनं दोर सोडला नाही. पाठीमागे दुऐज कांबळ्यासकट उठला. ती मान वळवून पाहीपर्यंत तो बोटीच्या पार टोकाशी जाऊन अंग चोरून बसला. त्यानं जागा करून दिली होती. एका माणसाला लागते त्याहून पुष्कळ जास्त.