नाव न घेता

घिवलीच्या बळवंतबुवांना कीर्तनाला उभं राहताना कधी घाम फुटला नव्हता. तो फुटला विहीणबाईंच्या फोनने.

बुवांची हेमांगी दोन वर्षांपूर्वी पालघरच्या एका बेने इस्रायल घरात, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू मंडळींत, लग्न करून गेली. तेव्हा बुवा रुसून चिकूच्या वाडीत जाऊन बसले होते. रुसवा कधीच विरला, पण लेकीच्या घरी पाऊल टाकायला निमित्त मिळेना. ते विहीण मोझेलबाईंनी आणून दिलं. मुलाने कोळगावला नवा फ्लॅट घेतला होता आणि तिथे मलिदा करायचा होता. गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं, आणि एलियाहू नबीचं स्मरण.

"आमच्या रेवदंड्याला पूर्वी नबींची मराठीत कीर्तनं व्हायची," बाई म्हणाल्या. "तुम्ही उभे राहाल का? फक्त एक सांभाळा. देवाचं नाव आमच्यात उच्चारत नाहीत. नातेवाईक येणार आहेत, मला मान खाली घालायला लावू नका."

बुवा हो म्हणाले, फोन ठेवला आणि मग ओटीवर मटकन बसले.

"नाव घ्यायचं नाय तर कीर्तन कसलं? मीठ न घालता कालवण?"

बुवांच्या पत्नी जयवंतीकाकू वाल सोलत होत्या. "मंग परमेश्वर म्हणा."

"तो हुद्दा झाला. कलेक्टरला कलेक्टर म्हटलं म्हणजे वळख झाली काय?"

"मंग नाय म्हणून कळवा. पोरगी ऐकून घेईल सासूचं. तसं ऐकतेच हाय, बाप फिरकला नाय म्हणून."

बुवा तालमीला बसले. कथा दोन दिवसांत रंगली, पण गजर आला की जन्माच्या सवयीने तोंडातून विठ्ठलच निघे.

"गेला फ्लॅट समुद्रात," काकू आतून म्हणत.

कोळगावच्या हॉलमध्ये टोप्या घातलेले पुरुष पुढे, बायका बाजूला. बुवांनी कथा धरली. नबी ओढ्याकाठी उपाशी बसलेत आणि त्यांना भाकर आणून देतो कावळा. "आमच्यात आम्ही कावळ्याला घास ठेवतो," बुवा म्हणाले, "तुमच्यात कावळा माणसाला ठेवतो. कावळ्याचं काही चुकत नाही, तो हिशोब फेडतोय." हॉल हसला. मोझेलबाईसुद्धा हसल्या.

मग गजराची जागा आली. बुवांचे हात वर गेले, ओठांवर 'वि' आला आणि तिथेच अडकला. तबला पुढे गेला, पेटी पुढे गेली, बुवा मागे राहिले. हेमांगीने डोळे मिटून घेतले.

"अहो," बायकांमधून जयवंतीकाकू म्हणाल्या, "पाणी घ्या."

बुवा पाणी प्यायले. भांडं खाली ठेवता ठेवता त्यांच्या मिशीत हसू फुटलं.

"मंडळी, ऐकलंत? पस्तीस वर्षांत या बाईंनी माझं नाव घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात मी हेमांगीचा बाप, वाडीत 'ते', घरात 'अहो'. पण ती हाक चुकून कधी शेजाऱ्याला लागली नाही. जे नाव ओठांवर आणायला मन धजत नाही, ते आत किती जपून ठेवलेलं असेल?"

आणि नेहमीचीच चाल धरून बुवांनी गजर केला तो नुसता 'अहो'चा. आधी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग मोझेलबाईंनी टाळी धरली. त्यांच्या मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांनाही त्या अशीच हाक मारत. शेवटच्या आवर्तनाला हसणारं कुणी उरलं नव्हतं, सगळे गातच होते.

मलिद्याची ताटली मोझेलबाईंनी स्वतः बुवांच्या हातात दिली.

"कीर्तन उत्तम. पण बुवा, दोन वर्षं होतात कुठे?"

"वाडीत."

"चिकू पिकायला इतका वेळ लागतो?"

"हा जरा हट्टी होता," बुवा म्हणाले.

"मग आता पिकलाय तर येत जा," मोझेलबाई म्हणाल्या. हेमांगीने बापाच्या ताटलीत आणखी एक केळं ठेवलं आणि डोळे पुसायला आत गेली.

लिफ्ट बंद होती. जिना उतरताना बुवा हळूच म्हणाले, "आज एवढं तुझं कवतिक केलं चारचौघांत. आता एकदा तरी घे की माझं नाव."

"अहो," काकू म्हणाल्या, "पायरी बघा."