बहिरी फळी

फळी खोकली आणि गिटारच्या कारखान्यात जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सर्दी आहे हिला," नादगुरूने निदान केलं. स्टेथोस्कोपच्या नळ्या कानातून काढून त्याने गळ्यात अडकवल्या. "झाड असताना फार भिजलेली आहे. काही दिवस उन्हात ठेवा, दोन शब्द गोड बोला, मग आणा. पुढचं कोण?"

पुढचा होता खाटीक. मांस तोडायचा ओंडका त्याने तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. त्याच्यामागे हातातली काठी तपासायला आलेल्या आजीबाई. आणि एका नवरा-बायकोने तर घरातलं मधलं दारच बिजागऱ्यांसकट उखडून आणलं होतं. ह्यातल्या एकालाही गिटार वाजवता येत नव्हती. पण आपल्या घरात गाणारं लाकूड पडून आहे की काय, हे कळायला नको?

ओंडका झाला, काठी झाली, दाराची पाळी आली. नादगुरूने दाराला नळी लावली आणि डोळे मिटले. "हे दार दुखावलेलं आहे. रागारागात आपटलेलं आहे कोणीतरी."

"बघ! मी म्हणत होतो ना!" नवरा म्हणाला.

"मी आपटते? मी?" बायको म्हणाली, आणि पुढचं भांडण दाराला मध्ये धरून झालं. लोक मात्र थक्क झाले. कधीच न आपटलेलं दार जगात कुठे असतं, हा प्रश्न एकीलाच पडला. ती रांगेत चौथी होती आणि कानांची डॉक्टर होती.

ती स्वखुशीने आलेली नव्हती. तिच्या धाकट्या भावाला, ज्याला घरात सगळे धाकट्याच म्हणत, इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायची होती, आणि तिच्या अंगासाठी लाकूड द्यायचं होतं अप्पांनी. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. धाकट्या लहानपणी चपलांच्या खोक्याला रबर ताणून टुणटुण करायचा, तेव्हाच अप्पांनी अक्रोडाची एक जाड फळी बाजूला काढून पलंगाखाली सुकायला ठेवली होती. घरात पैशांची ओढाताण झाली तेव्हाही ती फळी त्यांनी विकली नाही. आज नव्या शर्टाची घडी मोडून, फळी चादरीत गुंडाळून ते आले होते. करवतीच्या यंत्राने त्यांचे कान कधीच खाल्ले होते. कानामागे लेकीने बसवलेलं मशीन होतं, पण गर्दीत त्यांना नुसता गलका ऐकू येई.

नादगुरूची पद्धत अशी होती. एका लोखंडी सांगाड्यावर गिटारचा दांडा, तारा आणि तारांखालचं चुंबक पक्कं बसवलेलं. तपासायचं लाकूड कारखान्याच्या मालकाने, म्हणजे गिटारवाल्याने, त्या सांगाड्याच्या पाठीला पकडींनी आवळायचं. नादगुरू लाकडाला हात लावत नसे, कारण माणसाच्या स्पर्शाने लाकूड लाजतं म्हणे. तो फक्त आपल्या जांभळ्या गालिच्यावर उभा राही, तार छेडी, आणि कोपऱ्यातला स्पीकर निकाल देई. गालिचा सोडून तो हलत नसे. त्याच्या टाचेतून पृथ्वीचा नाद वर चढायचा. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ पलीकडच्या रस्त्यावर गाद्या विकत होता, तेव्हा पृथ्वीचा नाद त्याच्या पाठीतून चढत असे.

अप्पांची फळी चढली. नादगुरूने तार छेडली. स्पीकरमधून उशीखाली दाबल्यासारखा आवाज आला.

"अरेरे!" नादगुरू मागे सरला, पण गालिच्यावरच. "बहिरी! जन्माची बहिरी फळी आहे ही. असं लाकूड घरात ठेवलं ना, की ते माणसांचे कान शोषतं. कुठे ठेवलं होतंत?"

"पलंगाखाली," धाकट्या म्हणाला.

"कोणाच्या?"

सगळ्यांच्या माना अप्पांकडे वळल्या. अप्पांच्या कानामागचं मशीन सगळ्यांना दिसलं. आजीबाईंनी तोंडावर हात ठेवला. एवढा ढळढळीत पुरावा, आणखी काय हवं?

"काय म्हणतोय?" अप्पांनी विचारलं.

"फळी बहिरी आहे म्हणतोय!" धाकट्या त्यांच्या कानाशी ओरडला. "तिच्यामुळे तुमचे कान गेले म्हणतोय!"

अप्पांनी फळीवर टेकलेला हात काढून घेतला. एवढी वर्षं जपलेल्या वस्तूकडे ते घरात शिरलेल्या चोराकडे बघावं तसे बघत होते.

"उपाय एकच," नादगुरू म्हणाला. "हिचे तुकडे करून आत्ताच्या आत्ता भट्टीत. आणि मुलासाठी माझ्याकडची वीज पडलेल्या झाडाची फळी घ्या. ऐका." त्याची काळी, करपलेली फळी सांगाड्यावर चढली, तार छेडली गेली, आणि काय तो आवाज! भरलेला, झळाळता. खाटकाच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्या तर विरघळलाच.

गिटारवाल्याने निमूटपणे करवतीच्या यंत्राचं बटण दाबलं. पातं फिरायला लागलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाली.

"ताई, प्लीज," धाकट्या कुजबुजला. "आता सुरू नको होऊस."

पण ताई सुरू झाली होती. दवाखान्यात ती रोज लोकांचे कान तपासायची: आवाज आला की बोट वर करा. नव्या नव्या नोकरीत तिच्या लक्षात आलं होतं की यंत्राचं बटण दाबायला तिचा हात हलला, की आवाज न सोडताही लोक बोट वर करतात. खोटं बोलत नाहीत ते. त्यांना खरंच ऐकू येतं. तेव्हापासून ती हात टेबलाखाली ठेवायला शिकली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "आम्ही सगळे अडाणी. आमची खात्री पटवा. मी आतून चादरीत गुंडाळलेल्या दोन वस्तू आणते. कोणती काय आहे ते तुम्ही तारेवरून सांगा. ओळखलंत तर फळी मी स्वतः करवतीखाली धरते."

"झाकलेलं लाकूड श्वास घेत नाही!"

"का नाही घेत?" खाटीक म्हणाला. "मी तोंडावरून चादर ओढून झोपतो, तरी घोरतोच की." ते सगळ्यांना पटलं. दारवाल्या नवरा-बायकोचंही पहिल्यांदाच एकमत झालं. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

यंत्र बंद झालं. डॉक्टर आणि गिटारवाला दोन्ही फळ्या घेऊन लाकडी पडद्यामागे गेले. तिथे एक मोरी होती आणि एक संडास. डॉक्टरची नजर फिरत फिरत संडासात स्थिरावली.

"नाही हो," गिटारवाला घाबरून म्हणाला.

"स्क्रू-ड्रायव्हर द्या."

पहिलं गाठोडं सांगाड्यावर चढलं. नादगुरूने चादरीवर नळी लावली, डॉक्टरच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला, आणि ठरवलं. तार छेडली. भरलेला, झळाळता आवाज! "वीज," तो म्हणाला. "माझी फळी. चादरीतून कडाडतेय."

डॉक्टरने चादर ओढली. आत अप्पांची अक्रोडाची फळी होती.

नादगुरूने लगेच दोन्ही हात उंचावले. "बरी झाली! माझ्या टाचेने बहिऱ्या फळीला कान दिले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "ताई, बरी झाली गं!" धाकट्याने तिला मिठीच मारली. डॉक्टरला वाटलं, आता आपलंच डोकं करवतीखाली धरावं. ह्या माणसाचं काहीही खोटं ठरलं तरी तोच चमत्कार ठरणार होता.

"दुसरं गाठोडं राहिलंय," ती कशीबशी म्हणाली.

आता नादगुरूला अंदाजाची गरजच नव्हती. एक अक्रोड निघाल्यावर दुसरं काय उरणार? त्याने डोळे मिटले, टाच रोवली, आणि हात सैल सोडून तारा छेडल्या. असा आवाज त्या कारखान्यात कधी घुमला नव्हता. आजीबाई रडल्या. "आभाळ आहे हो ह्या लाकडात," खाटीक म्हणाला.

चादर सरकली. सांगाड्याच्या पाठीला संडासाच्या कमोडचं झाकण आवळलेलं होतं. पांढरं, प्लास्टिकचं, एका कडेला किंचित पिवळं पडलेलं.

नादगुरूने झाकणाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि त्याची जीभ सवयीने पुढे निघाली. "ह्या झाकणाने... फार दुःखं ऐकलेली आहेत..."

खाटीक सगळ्यांत आधी हसला. मग काठी आपटत आजीबाई हसल्या, आणि मग कोणी कोणाला आवरेना.

"धाकट्या, तू वाजव," डॉक्टर म्हणाली. "गुरुजी, तुम्ही जरा गालिच्यावरून खाली या."

नादगुरू उतरेना. खाटकाने त्याला काखेत हात घालून अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं. धाकट्याने तार छेडली. आवाज उशीखाली दाबलेला. त्याने गालिच्यावर पाय ठेवला, तर पायाखाली काहीतरी कलंडलं आणि आवाज एकदम उघडला. टाच दाबली की चढायचा, बोटं दाबली की बसायचा. धाकट्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्याने गालिचा उचलला.

"हे आवाजाचं पेडल आहे, उलटं ठेवलेलं," तो म्हणाला.

"म्हणजे?" आजीबाईंनी विचारलं.

"म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं. माझ्याकडे घरी हेच आहे. अगदी हेच!"

खोकल्याचं कोडंही लगेच सुटलं. स्पीकरची वायर पेडलला सैल लावलेली होती, नुसती पायाने हलवली की स्पीकर खरखरायचा.

"तोच आवाज थोडा मोठा केला की कानाला जास्त गोड वाटतो," डॉक्टर म्हणाली. "मलाही वाटतो. त्यात तुमचा दोष नाही. आणि इलेक्ट्रिक गिटारमध्ये तार हलते, तिची हालचाल चुंबक टिपतं, स्पीकर मोठी करतो. लाकडाने फरक पडत असेलही थोडाफार, पण तो चादरीआडून गुरुजींनाच कळला नाही, तर आपल्याला काय कळणार? लाकूड निवडताना एवढंच बघा, वजन खांद्याला झेपतं का, स्क्रू घट्ट धरतं का, डोळ्यांना आवडतं का. आणि उद्या कोणी तुम्हाला काही ऐकवायला आला, तर त्याला म्हणा, आधी चादर टाक. ज्याचं खरं असेल त्याचं चादरीने काय बिघडणार आहे?"

"मला माहीत होतं हो हे सगळं," गिटारवाला खाली मान घालून म्हणाला. "पण सगळ्यांना ऐकू येत होतं. मग मलाही यायला लागलं."

नादगुरू ह्या गडबडीत गालिचा घेऊन पसार झाला. पेडल विसरला. नवरा-बायको दार उचलून घरी गेले, ते आता नेमकं बसवायचं कोणी ह्यावर भांडत.

अप्पांना मात्र काहीच नीट कळलं नव्हतं. ते खुर्चीत तसेच बसून होते. लेक त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि एक एक शब्द सुटा करून म्हणाली, "अप्पा, फळी बहिरी नाही. तो माणूस खोटारडा होता. कान करवतीच्या यंत्राने गेले तुमचे. आमच्यासाठी काम करता करता गेले."

अप्पांनी मान हलवली, पण फळीला हात लावला नाही.

गिटार तयार झाली ती अक्रोडाचीच. धाकट्याने घरी आणून ती स्पीकरला न जोडताच अप्पांच्या मांडीवर ठेवली. "ताई, ह्यांना कशी ऐकवू? मशीनमध्ये नुसती कर्कश वाटते."

डॉक्टरने अप्पांच्या कानामागचं मशीन काढलं आणि त्यांची हनुवटी गिटारच्या कडेवर टेकवली. थरथर लाकडातून हाडात जाते, हाडातून कानात. चमत्कार काही नाही, दवाखान्यात ती रोज करते. "जाडी तार छेड," ती म्हणाली. "जोरात."

धाकट्याने छेडली. अप्पा दचकले. डोळे विस्फारले, हात आपोआप फळीवर आला आणि तिथेच राहिला. धाकट्याने पुन्हा छेडली, आणखी जोरात, मग पुन्हा.

"हळू की रे," अप्पा खेकसले. "मी काय बहिरा आहे?"