दोघांचं ओझं

मास्तरांनी त्या दिवशी बायकोला खोटं सांगून दुकानात नेलं. म्हणाले, "माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा मानेला टोचतोय. जरा मऊसा बघू. तूही चल, तुझ्या कॅमेऱ्याचंही बघू काहीतरी." दोन्ही कॅमेरे पिशवीत घालून ते चपला पायात सरकवून उभेसुद्धा राहिले. तिला नवल वाटलं. पट्टा विकत घ्यायला कॅमेरे कशाला, आणि तेही दोन्ही? पण बऱ्याच महिन्यांनी माणूस आपणहून बाहेर निघालाय, म्हणून तिने जास्त चौकशी केली नाही. स्टुडिओला कुलूप तिनेच लावलं. मास्तरांच्या हातातली किल्ली कुलपाच्या तोंडाशी धडपडायला लागल्यापासून ते काम आपोआप तिच्याकडे आलं होतं.

मास्तर काही शाळेचे मास्तर नव्हते. आसपासच्या पाच-पंचवीस फोटोग्राफरांनी त्यांच्याच स्टुडिओत कॅमेरा हातात धरायला शिकून घेतलं होतं, म्हणून ते मास्तर, आणि त्यांची बायको म्हणून ती मास्तरीणबाई. तीही तिथेच शिकली होती. बावीस वर्षं दोघं मिळून लग्नं करत होती. म्हणजे एकमेकांशी एकदाच केलं, बाकीची लोकांची, असं मास्तर सगळ्यांना सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. लग्नात ते गर्दीत घुसायचे, माणसांच्या अगदी नाकाजवळ, आणि ती लांब लेन्स लावून हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची. मधे दोनशे माणसं असली तरी नुसत्या भुवयांवर त्यांचं बोलणं चालायचं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी दमणुकीवर ढकललं, मग थंडीवर, मग चहावर. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं ते दोघांनी शेजारी बसून ऐकलं. गोळ्यांनी कमी-जास्त होईल, जाणार मात्र नाही. घरी येताना मास्तर एवढंच म्हणाले, "डावा आहे अजून." कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताला असतं, हे त्यांना काय तिने सांगायचं होतं?

तेव्हापासून ते खांबाला टेकून फोटो काढू लागले, टेबलावर कोपर रोवून काढू लागले, श्वास इतका रोखून धरायचे की तिचाच जीव वरखाली व्हायचा. तरी फोटो हलायचेच. ती ते एकटीने बघायची, पुसायची, आणि त्या जागी आपले लावायची. अल्बम तयार झाला की एखाद्या पानावर बोट ठेवून म्हणायची, "हा तुमचा बघा किती छान आलाय." मास्तर चष्मा पुसून बघायचे आणि मान हलवायचे.

दुकानदार त्यांचाच जुना शिष्य. गोल पोटाचा, बोलका. मास्तरांना बघून गल्ल्यामागून उठूनच आला.

"या मास्तर, या वहिनी! आज पायधूळ झाडलीत!"

"झाडली. आता तूही दुकान झाड जरा, शिंका येतायत," मास्तर म्हणाले. मग हात खिशात घालून उभे राहिले. "दोन कॅमेरे एकदम घेता येतील असा पट्टा दाखव. असतील तेवढे सगळे दाखव."

"तुम्हाला?"

"हिला."

मास्तरीणबाई हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीये. "अहो, मला दोन कशाला? एक तुमच्याकडे असणार ना?"

"नाही," मास्तर म्हणाले.

एवढंच म्हणाले. दुकानदाराने दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि माल आणतो म्हणून आत गेला. समोरच्या फळीवरच सहा पट्टे लटकत होते, तरी तो आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला.

"घरी बोलू आपण," ती हळूच म्हणाली.

"घरी तू बोलू देत नाहीस. म्हणून इथे आणलं."

त्यावर ती काही म्हणणार तोच दुकानदार मुद्दाम खाकरत बाहेर आला. त्याने पहिला पट्टा तिच्या अंगावर चढवला तेव्हा ती खांबासारखी उभी राहिली. चामड्याचा होता, तपकिरी, दोन्ही खांद्यांवरून खाली येणारा, कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा.

"लग्नाबिग्नात शोभून दिसतो, वहिनी. हल्ली सगळे हाच घेतात."

"मानेत रुततोय."

"वापरला की मऊ होतो."

"तोवर मान उरली पाहिजे," ती म्हणाली.

दुसरा पट्टा दोन्ही खांद्यांवरून तिरका जाऊन छातीवर फुली मारणारा होता. तो बाईच्या अंगाचा विचार न करता बनवलेला होता. तिने तो स्वतःच काढून ठेवला आणि दुकानदाराने नजर दुसरीकडे वळवली. तिसरा म्हणजे एक जाकीटच होतं, पाठीला गादी, कमरेला रुंद बेल्ट, वजन सगळं कमरेवर. त्यात ती अशी दिसू लागली की आता विमानातून उडी मारणार. मास्तरांनाही हसू आलं. ती हसली नाही. "उकडतंय," म्हणाली.

चौथ्याचा आकडा कुरकुरत होता. पाचवा सरकत होता. दुकानदाराला वाटलं, वहिनी फार चोखंदळ. मास्तरांना मात्र सगळं कळत होतं. ती प्रत्येक पट्ट्यात खोट काढत होती, कारण एकही पसंत पडला नाही तर निकाल लागणार नव्हता. रिकाम्या हाताने घरी जायचं, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा दोघांनी निघायचं.

"तो कोपऱ्यातला दे," मास्तर म्हणाले.

तो दिसायला अगदीच साधा होता. काळा, कापडी, खांद्यावर हाताच्या पंजाएवढा रुंद, आतून अस्तर लावलेला. पाठीवर दोन्ही पट्टे एकत्र येत होते आणि काखेखालून एकेक पातळ पट्टी पुढे येऊन त्यांना जागेवर धरत होती. दुकानदाराने बकलं आवळली. मास्तरांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "आता खरं वजन लाव."

उजवीकडे त्याने मास्तरांचा कॅमेरा अडकवला, डावीकडे तिचा, लांब लेन्ससकट.

"चाल," मास्तर म्हणाले. ती चालली.

"खाली वाक. चप्पल नीट करतेस तशी. कॅमेरे पुढे येऊन आपटतायत का?"

"नाही."

"आता उजवा उचल डोळ्याला. खांद्यावरचा पट्टा हलला?"

"नाही."

"सोड. डावा उचल. पटकन. नवरी वळली, समज. पटकन!"

तिने उचलला. आवाज तोच होता, बावीस वर्षांपूर्वी स्टुडिओत उभं करून शिकवायचे तेव्हाचा. मास्तर तिच्याभोवती फिरून बघत होते, हात खिशातच. एकदा त्यांनी पाठीवरचा पट्टा सरळ करायला हात बाहेर काढला, पण मधेच थांबले आणि दुकानदाराला म्हणाले, "तिथे एक पीळ पडलाय, तो काढ."

पीळ निघाला. वजन कुठे गेलं तेच तिला कळेना. दोन कॅमेरे अंगावर आणि खांद्यांना पत्ताच नाही. तिने खूप शोधलं, पण नावं ठेवायला जागा सापडेना. समोरच्या आरशात तिला स्वतःच्या कमरेला उजवीकडे मास्तरांचा कॅमेरा दिसला. त्याच्या कडेचा काळा रंग त्यांच्या अंगठ्याने घासून गेलेला होता.

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास मागितला.

परत येताना दोघं बसथांब्यावरच्या बाकावर बसली. दोन बस गेल्या तरी उठली नाहीत.

"दुकानात सगळ्यांसमोर सांगायचं होतं का?" ती म्हणाली.

"सगळे कोण? एक तोच तर होता."

"मी सांभाळून घेत होते ना. लोकांची कुठे तक्रार होती?"

"अगं, गेल्या वर्षभरात एकाही अल्बमात माझा एकसुद्धा फोटो नाहीये," मास्तर शांतपणे म्हणाले. "तू म्हणतेस, हा तुमचा, तो तुमचा. मी कुठे उभा होतो ते मला माहीत असतं ना? मी नवरीच्या डाव्या हाताला, आणि फोटोत तिचा उजवा कान."

वर्षभर आपण यांना फसवतोय असं तिला वाटत होतं, आणि वर्षभर हे आपल्याला फसवू देत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने दाखवायचीस." त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. "आणि मलाही वाटायचं, एखादा तरी खरंच माझा निघेल."

त्या महिन्याच्या अखेरीला एक लग्न होतं. तिने मास्तरांना खूप विनवलं, नुसते येऊन बसा, पाहुण्यासारखे. ते म्हणाले, "मी दिसलो की लोक मलाच हाक मारणार. आणि मला नाही म्हणता येत नाही, तुला माहितीये." सकाळी दारापर्यंत आले. बॅटऱ्या घेतल्यास का, कार्डं घेतलीस का, जास्तीचा फ्लॅश घेतलास का, असं तीनदा विचारून झालं, आणि मग विचारायला काही उरलं नाही तेव्हा आत गेले.

हॉलमध्ये पाय ठेवल्यापासून जो तो विचारत होता, "मास्तर कुठायत?" "बरं नाहीये जरा," असं ती दहा-बारा वेळा म्हणाली. अकराव्यांदा तिलाच तो शब्द खोटा वाटला. बरं नाहीये म्हणजे उद्या-परवा बरं होणार असतं.

काम मात्र तिने चोख केलं. जवळचं हवं तेव्हा उजवा हात खाली जायचा, लांबचं हवं तेव्हा डावा. पट्टे घसरले नाहीत, गुंतले नाहीत, कॅमेरे कुणाला लागले नाहीत. एरवी दुपारपर्यंत एका कॅमेऱ्याने तिची मान भरून यायची, आज दोन असून काही नाही. तेच तिला सोसवेना. दुखायला हवं होतं, असं वाटत राहिलं. एवढा माणूस बाजूला झाला आणि अंगाला कळूसुद्धा नये?

आणि सवय जाता जात नव्हती. चांगलं काही टिपलं की ती मान वर करून हॉलच्या दुसऱ्या टोकाला बघायची आणि भुवई उडवायची. दोनदा तिथे कुणीतरी अनोळखी गृहस्थ होते. दुसऱ्यांदा ते गोंधळून हसले.

नवरी निघायच्या वेळी ती गाडीपाशी होती. नवरीने आईला मिठी मारली, ते तिने घेतलं. मैत्रिणी रडल्या, ते घेतलं. मग तिला आठवलं, बाप? ती वळून हॉलमध्ये धावली. नवरीचे वडील मागच्या दाराशी, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या आड उभे होते. ती पोचली तेव्हा ते रुमाल घडी करून खिशात ठेवत होते. तिला बघून त्यांनी चेहरा नीट केला आणि फोटोसाठी ताठ उभे राहिले. तिने फोटो काढला. अंगावर कॅमेरे दोन असले तरी माणूस एकाच दाराशी उभा राहू शकतो.

घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मास्तरांनी चहा करून ठेवला होता, सांडू नये म्हणून दोन्ही कप अर्धेच भरलेले. ओट्यावर तरी थोडा सांडला होता, तो पुसायचा राहून गेला होता. "दाखव," ते म्हणाले. तिने पट्टा खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि फोटो पडद्यावर लावले.

मास्तर खुर्ची ओढून बसले. "हा बरा आहे... इथे घाई केलीस... हा, हा उत्तम. हा मला जमला नसता." असं करत करत शेवटापर्यंत आले आणि विचारलं, "बाप कुठेय?"

तिने तो ताठ उभा राहिलेला फोटो दाखवला.

मास्तर पडद्याजवळ वाकले. "चुकला," ती म्हणाली. "मी गाडीपाशी होते."

"चुकतोच तो. मला दहा-बारा लग्नांनंतर कळलं. बाप गाडीपाशी येतच नाहीत, कुठल्यातरी मागच्या दाराला जातात. नवरी आईकडे वळली की तू तिला सोडून द्यायचं आणि..." ते थांबले. "आणि आईचा कोण घेणार मग?"

पडद्यावरचे वडील ताठ उभे होते.

"खांदे दुखतायत का गं?"

"हो," ती म्हणाली. "चांगलेच दुखतायत."

मास्तर उठून तिच्या मागे आले. त्यांचा उजवा हात तिच्या खांद्यावर आला आणि तिथे थरथरत राहिला. तिने डोळे मिटले.

"खोटं बोलतेस," ते मागून म्हणाले. "तो पट्टा दुखवणाऱ्यांतला नाही. मी निवडलाय."

"असू दे," ती म्हणाली. "हात नका काढू."