पाचशेवा माणूस

गावाला बस हवी असेल तर आधी गावात पाचशे माणसं हवीत, असा वरचा नियम. मागच्या मोजणीत आम्ही चारशे एक्क्याण्णव भरलो. बस नाही म्हणून माणसं गाव सोडतात आणि माणसं गाव सोडतात म्हणून बस नाही, एवढं समजण्याइतकी बुद्धी वरच्यांना मिळो, असं मी रोज देवाकडे मागते. देवालाही घाई नसावी.

माझी लेक नर्सिंग शिकते. नऊ किलोमीटर चालत जाते, नऊ किलोमीटर चालत येते. पुढच्या सत्रापासून उशीर चालणार नाही, शहरात राहा नाहीतर नाव काढून घ्या, असं कॉलेजने कळवलेलं. शहरात खोली घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणजे बस आली तरच तिचं शिक्षण.

यंदा मोजणीवाले साहेब आले ते दूधवाल्याच्या टेम्पोतून, दोन कॅनच्या मधे बसून. आल्या आल्या त्यांनी नियम सांगितला, "आदल्या रात्री जो ज्या घरात झोपला, तो त्या घरचा."

गावाने बारा पाहुणे बोलावून ठेवले होते. आले तिघे. बाकीच्यांनी विचारलं होतं, यायचं कशाने?

आमचं घर अगदी शेवटचं. साहेब पोचेपर्यंत अंधारलं आणि टेम्पोही निघून गेला. "सकाळी लिहितो," म्हणाले आणि जेवून आमच्या पुढच्या खोलीत झोपले.

सकाळी कागद उघडला. आमचं घर सोडून चारशे शहाण्णव झाले होते. शेजारच्या घरातून जाऊबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"काल रात्री घरात कोण कोण झोपलं?"

"मी, हे आणि सासूबाई."

"मुलगी?"

जाऊबाईंनी मला चिमटा काढला. पण खोटं न बोलण्याचा माझा नेम त्यांच्या चिमट्यापेक्षा जुना आहे.

"पेपर होता. मैत्रिणीकडे राहिली, शहरात."

"अगं बाई!" जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "एक दिवस खोटं बोलली असतीस तर देव काही उपाशी झोपला नसता!"

"चारशे नव्याण्णव," साहेब म्हणाले. "वाईट वाटतं हो, पण नियम म्हणजे नियम."

"माझं सांगून संपलं नाही, साहेब," मी म्हटलं. "चौथे तुम्ही."

"मी? अहो, मी मोजणारा आहे!"

"झोपलात ना इथे?"

"माझं नाव माझ्या घरी लागेल."

"तिथे होतात का काल रात्री?"

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वर छताकडे पाहिलं. कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "इथेच होते. रात्रभर घोरत होते. मी कुठेही साक्ष देईन."

"हे असं कोणी लिहीत नाही," म्हणत साहेबांनी कागद पिशवीत घातला. "टेम्पो कधी आहे?"

"संध्याकाळी."

"दुसरं काही?"

"पाय आहेत," जाऊबाई म्हणाल्या.

साहेब चांगले चकचकीत बूट घालून निघाले. त्यानंतर जाऊबाईंनी तासभर माझ्या पुण्याईचा उद्धार केला. मी भाजी चिरत ऐकून घेतलं. लेकीचं वर्ष मी माझ्याच तोंडाने घालवलं होतं.

अकराच्या सुमाराला लेक आली. पाणी प्यायली आणि हसायला लागली.

"आई, वाटेत एक साहेब भेटले. बूट काढून दगडावर बसले होते, दोन्ही टाचांना फोड. मला म्हणाले, 'रोज येतेस जातेस?' म्हटलं, रोज."

"मग?"

"बाबांचं पूर्ण नाव विचारलं आणि कागद काढला. मग म्हणाले, 'नात्याच्या रकान्यात स्वतःला काय लिहू?' मी म्हटलं, पाहुणे लिहा."

"लिहिलं?" जाऊबाई जवळजवळ ओरडल्याच.

"लिहिलं, सहीसुद्धा केली. मग विचारलं, 'शहर अजून किती?' म्हटलं, पाच किलोमीटर. तर परत खाली बसले."