मंडळीतलं सर्वांत लहान

"हलू नकोस, ठके. टाचणी टोचली तर माझ्या नावाने बोंब मारशील."

"मी कुठे हलतेय? तुमचा हात हलतोय, आजोबा."

शिंपीमास्तरांनी टाचणी परत ओठांत धरली आणि मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. नात कापड बेतायच्या टेबलावर उभी होती, गुडघ्याखाली पोचणाऱ्या जाड निळ्या कोटात. पुलाच्या बाजूला तोफ वाजली. खिडकीची काच थरथरली, पण दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. शेजाऱ्याच्या खोकल्याची सवय होते, तशी त्या आवाजाची झाली होती.

भिंतीवरच्या खुंट्यांना शिवून तयार कपडे लटकत होते. ज्यांचे होते ते गाव सोडून गेले होते. एका नवरदेवाचा कोट तर वर्षभर तसाच होता. मास्तर अधूनमधून सगळ्यांवरची धूळ झटकत. "कुणासाठी झटकताय?" असं सुनेने विचारलं, की म्हणत, "आणि उद्या आले तर?" हल्ली सून विचारत नव्हती.

"बाही एवढी का दुमडलीय?" ठकीने विचारलं.

"तू वाढशील ना. मग सोडायची."

"तुम्ही सोडाल?"

"दुसरं कोण सोडणार?" मास्तर म्हणाले, आणि न पडलेली टाचणी शोधायला खाली वाकले.

त्या दुमडीला त्यांनी पांढरा दोरा घातला होता. निळ्या कापडावर पांढरे टाके! असं ढोबळ काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. पण तिकडे, पुलापलीकडे, ज्याला सुई धरता येत नाही अशा माणसालाही कळायला हवं होतं की नेमका कोणता दोरा कापायचा.

मुलगा दारात आला. "बाबा, आटपा आता. गाडी दुपारीच सुटतेय."

"उद्या आगमनाचा पहिला रविवार आहे."

"माहीत आहे."

"मेणबत्तीची पाळी हिची आहे."

ख्रिस्तजन्माच्या आधीचे चार रविवार चर्चची मंडळी वाट पाहते आणि दर रविवारी एक मेणबत्ती पेटवते. पहिली आशेची. ती मंडळीतल्या सर्वांत लहान लेकराने पेटवायची, अशी इथली जुनी रीत होती. ठकी ती किती तरी वर्षं पेटवत होती, कारण तिच्यानंतर गावात जी मुलं झाली ती आईबापांच्या कडेवर बसून निघून गेली होती.

"एकच दिवस थांबा. सोमवारी जा."

"सोमवारी पूल असेल? तुम्ही लिहून द्या, थांबतो."

मास्तरांनी उरलेला दोरा कापला. लहान मूल असलेल्या जोडप्यांनाच पलीकडे सोडत होते. म्हाताऱ्यांना परवाना नव्हता. मुलाने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा नाक्यावरच्या शिपायाने त्याला दंडुका दाखवला होता.

"मग मेणबत्ती कोण पेटवणार?" ठकीने विचारलं.

"तुझ्यानंतर जे लहान असेल ते."

"माझ्यानंतर कुणीच नाहीये."

"मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसू नकोस गं," सून म्हणाली आणि तोंड फिरवून गाठोडं उगीचच पुन्हा बांधू लागली.

गाडीपाशी मास्तरांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. मुलाने त्यांना मिठी मारली नाही. मारली असती तर सोडवली नसती.

रविवारी पहाटे मोठा स्फोट झाला. पूल गेला, असं बेकरीवाल्याने चर्चच्या पायरीवर सांगितलं. गाड्यांची रांग रात्रभर पुलावर अडकून होती म्हणे. कोणती पलीकडे गेली, कोणती नाही, हे सांगायला कुणीच परत आलं नव्हतं.

मास्तरांना घरी जावंसं वाटेना. घरी काय होतं? खुंट्या. ते आत जाऊन बसले.

फुटक्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. मोजकी पांढरी डोकी अंतराअंतरावर बसली होती. पाळकांनी सवयीने म्हटलं, "आपल्यातलं सर्वांत लहान पुढे येईल," आणि मग पुस्तकातून मान वर केली.

कुणी हललं नाही.

"लहान म्हणजे मास्तरच," बेकरीवाला म्हणाला.

"मी? तुझे केस तरी काळे आहेत."

"ते मी केलेत काळे!"

कुणीतरी हसलं, आणि हसल्याबद्दल ओशाळलं.

पुढच्या रांगेतून सुईण आजींनी काठी आपटली. गावातली निम्मी माणसं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. "भांडू नका रे. दोघांनाही मीच बाहेर काढलंय. बेकरीवाला आधीचा, आईला छळछळून आला. मास्तर त्याच्या मागून, थंडीत. आणि तू रडेचनास बाबा! पाठीत दोन धपाटे घातले, तेव्हा कुठे तोंड उघडलंस. ऊठ, बाळ."

मास्तर उठले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, आगमनकाळ आपल्याला कळला आहे. आता मनात आलं, जो ठरल्या दिवशी हमखास येतो, त्याची वाट पाहण्यात कसलं आलंय शहाणपण? वाट पाहणं म्हणजे काय, ते आज पहाटेपासून सुरू झालं होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं. आशा वाटत नव्हती. पाळी मात्र त्यांचीच होती.

पहिली काडी विझली. दुसरी मोडली. तिसरी त्यांनी दोन्ही हातांत धरली, आणि वात पेटली.

ते आपल्या जागेकडे वळले, तसा आजींनी काठीने समोरचा ठेंगणा बाक दाखवला. मेणबत्ती पेटवणाऱ्याने उपासना संपेपर्यंत तिथे बसायचं असे. मास्तर बसले. गुडघे छातीशी आले. पाळकांनी वाचायला सुरुवात केली. बाहेर पुन्हा तोफ वाजली आणि ज्योत आडवी होऊन सरळ झाली.

मागून एक सुरकुतलेला हात पुढे आला. आजींनी त्यांच्या तळहातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. मेणबत्ती पेटवणाऱ्या लेकराला त्या दरवर्षी एक देत असत.

"चघळ," त्या कुजबुजल्या. "पण कागद वाजवू नकोस."

मास्तरांनी कागद सोडायला घेतला, एकेक घडी करत, अगदी हळू.